डावीकडचा ट्वीटर

१२ एप्रिल

गाडी आली! सेकंडहँड आहे, रंग मळका चंदेरी, पण माझ्या नावावर. जोह्यापासून रोह्याच्या कंपनीपर्यंत एसटी बदलत बदलत चार वर्षं काढली. आता लॅबमध्ये घामाघूम न होता पोचेन. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, बाबांनी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. आयुष्यभर गणपतीचे डोळे आखलेला हात तो, स्वस्तिकही असं उमटलं की गाडी धुवायला जीव होणार नाही.

एकच कमी आहे. डॅशबोर्डवर टेप असायला हवा तिथे चौकोनी भोक आहे आणि त्यातून वायरी लोंबतायत. दारांवर जाळ्या आहेत, जाळ्यांमागे स्पीकर नाहीत. आधीच्या मालकाने सगळं काढून घेतलंय. खरं तर राग यायला हवा होता, पण मला आनंदच झाला. मागच्या माणसाची आवड गळ्यात पडली नाही. काय वाजवायचं आणि कसं, ते मी ठरवणार.

बजेट पंचवीस हजार. त्यावर एक पैसा नाही, हे इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर स्वतःशी भांडता येईल.

१३ एप्रिल

पेणला निलेशच्या दुकानात गेले. गाड्यांची सीट कव्हरं, हॉर्न, स्पीकर असं सगळं त्याच्याकडे मिळतं. दारातच त्याने नळकांड्यासारखा एक मोठा वूफर दाखवला आणि म्हणाला, "ताई, हा लावा, वडखळला वाजवलात तर नागोठण्याला ऐकू येईल." मला नागोठण्याला ऐकवायचं नाही, मला ऐकायचंय, असं म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. मग मात्र नीट बोलला. पहिले पैसे पुढच्या दारांत घालायचे: मोठा स्पीकर खाली दारात, बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वर आरशाजवळ. दाराच्या पत्र्याला आतून रबरी शीट, नाहीतर चांगला स्पीकरही पत्र्याचा डबाच वाजवतो. स्टिरिओ साधा. वूफर सगळ्यात शेवटी, उरले तर.

म्हणजे आधी पत्रा गप्प करायचा, मग गाणं लावायचं. मला हे फार आवडलं.

२० एप्रिल

आमच्या गणपतीच्या कारखान्यात बाबांचा जुना रेडिओ फळीवर धूळ खात पडलाय. पूर्वी दिवसभर चालू असायचा. मूर्तींना पॉलिश पेपर मारताना बायका त्याच्याबरोबर गुणगुणायच्या. गेल्या वर्षी कधीतरी बंद झाला. बाबा म्हणाले बिघडला. त्याचा स्पीकर कसा असतो ते बघावं म्हणून मी तो खोलायला घेतला, आणि खोलायच्या आधी सहज पिन लावली तर लगेच वाजला. स्वच्छ!

बाबांना सांगायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाव दे गो. कटकट होते." कंटाळा आला असेल. माणूस बदलतो.

आईचा आवाजही हल्ली फार चढलाय. जेवायला वाढलंय हे ती हमरापूरला ऐकू जाईल असं सांगते. तिचं बीपी तपासायला हवं.

२ मे

बसले! स्टिरिओ, दोन स्पीकर, दोन ट्वीटर, दारांत शीट. सुट्टी टाकून दिवसभर निलेशच्या दुकानात बसून प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते विचारलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही दुकानच घ्या माझं."

येताना काय वाटलं ते लिहिता येत नाही. रोज ऐकते तीच गाणी, पण बाईने ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. तबल्याच्या आधी बोट फिरल्याचा आवाज आला. एवढं सगळं त्या गाण्यात आधीपासून होतं आणि मला पत्ताच नव्हता.

३ मे

आज शास्त्रीय चाचणी. फोनवर एक सूर मिळतो, अगदी खालून घोगरा सुरू होतो आणि हळूहळू बारीक होत शिट्टीपर्यंत जातो. कुठे आवाज खाली पडतो, कुठे पत्रा थरथरतो ते त्यावरून कळतं. बाबांना बळेच डावीकडे बसवलं.

घोगरा सूर लागला तसा त्यांनी दाराला तळहात लावला आणि डोळे मिटले. "हा बेस हाय बग," म्हणाले. मला कौतुक वाटलं, बाबांना बेस कळतो! सूर चढत गेला. मला तो चांगलाच ऐकू येत होता, कानाला टोचायला लागला होता, आणि बाबा म्हणाले, "संपला?"

"नाही, वाजतोय की."

"हा, हा. वाजतोय," म्हणाले आणि उतरून कारखान्यात गेले.

डावीकडचा ट्वीटर बंद असणार. निलेशने वायर नीट जोडली नाही. एवढं दिवसभर डोक्यावर बसूनही माझ्या नजरेतून सुटलंच शेवटी.

५ मे

कंपनीतून येताना निलेशकडे गेले. तो डावीकडे बसला, सूर लावला. शेवटपर्यंत ऐकू आला त्याला. मग मी बसले, मलाही आला. ट्वीटर धडधाकट आहे. निलेश म्हणाला, "कोणी सांगितलं बंद आहे?" मी म्हटलं, बाबांनी. तो म्हणाला, "मग त्या वेळी वाऱ्याने ऐकू आला नसेल." गाडीच्या काचा तर वर होत्या. उलगडा होत नाही, आणि न उलगडलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

घरी वेगळंच. कल्याणच्या बाबाजीशेठचा फोन आला होता. आमचा निम्मा माल दरवर्षी ते उचलतात. यंदा लवकर नेलेल्या पहिल्या खेपेतल्या काही मूर्तींचा रंग फुगलाय, पोटावर फोड आल्यासारखा. पुढची मोठी खेप जूनमध्ये जायचीय. तीही अशीच निघाली तर पुढच्या वर्षीपासून दुसरा कारखाना बघणार, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, "रंगाच्या कंपनीनी माल बदललान." आईने या वेळी न ओरडता ताटं वाढली. हे विशेष.

शेठ गेले तर कारखान्यातल्या आठ बायकांचं काम जाईल, आणि बाबांचं नाव जाईल. दुसरं जास्त लागेल त्यांना.

१७ मे

सगळं धरून थोडे पैसे उरलेत. निलेशकडे एक वापरलेला वूफर स्वस्तात मिळाला. त्याला बंद डबा लागतो. त्याच्याकडचा लाकडी डबा मागे स्टेपनीशेजारी मावेना. बाबा बघत उभे होते. म्हणाले, "डबाच पायजे ना? साचा घेऊ."

आणि मग जे झालं ते फक्त जोह्यातच होऊ शकतं. डिकीच्या कडेच्या खोबणीत प्लास्टिक अंथरलं आणि तिचाच साचा घेतला. काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून थरावर थर दिले, गणपतीच्या पाठीला देतात तसेच. बाबा इतके रंगले होते की त्यांनी डब्याच्या कडेला हळूच एक वेलबुट्टी काढली. काळुरामकाका शेजारच्या कारखान्यातून बघायला आले आणि म्हणाले, "दिनानाथ, ह्या देवाला सोंड कुठं?"

खूप दिवसांनी बाबा हसले.

१९ मे

मूर्ती वाळली की नाही हे ठोकून कळतं. बोटाच्या पेराने पोटावर टकटक करायची: ओली असली तर भद्द आवाज येतो, वाळलेली टणकन बोलते. वरून दोन्ही पांढऱ्या सारख्याच दिसतात. बाबांचा ठोका गावात शेवटचा शब्द आहे. मोठी मूर्ती असली की इतर कारखान्यांतूनही बोलावणं येतं, "दिनादादा, जरा ठोकून जा." ते ठोकतात, मान हलवतात, मगच रंगाचा हात पडतो. मी लहानपणी त्यांच्यामागून फिरत प्रत्येक मूर्तीवर ठोकायचे आणि ओरडा खायचे.

आज त्यांनी डब्यावर ठोकलं. "वाळला. लाव रेक्झिन."

मी ठोकलं. मला भद्द ऐकू आलं.

"बाबा, ओला वाटतो."

"तुला काय कळतंय गो? तीस वर्सं ठोकतोय मी."

खरंच आहे. मी लॅबमध्ये मोजते, कानाने नाही. रेक्झिन चिकटवलं, वूफर बसवला.

३० मे

वूफरने दहा दिवस सुख दिलं. आज कासूच्या खड्ड्यात गाडी आपटली आणि मागे धप्प झालं. डिकी उघडली तर डब्याचा कोपरा ढासळलेला, स्क्रू प्लास्टरमधून भाकरीत खुपसलेल्या काडीसारखे सुटलेले. आत बोट घातलं तर ओलं. बाहेरून रेक्झिनला फोड आले होते, पोटावर.

बाबांना दाखवलं. त्यांनी एका फोडावर बोट दाबून पाहिलं. मला वाटलं ओरडतील. "गाडीत वारा लागत नाय," एवढंच म्हणाले.

३१ मे

आज भिसे खिंड चढताना डोक्यात सगळं एकदम जुळलं, आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

रेक्झिनवरचे फोड आणि शेठच्या मूर्तींवरचे फोड सारखेच आहेत. रंग बदललेला नाही. मूर्ती ओल्या होत्या. बाबांनी ठोकल्या, वाळल्या म्हणाले, आणि त्या ओल्या होत्या. ट्वीटर चालू होता. रेडिओ बिघडला नव्हता. आईचं बीपी चांगलं आहे.

टणकन आवाजातला जो बारीक भाग असतो तो बाबांना ऐकूच येत नाही. त्यांना भद्दच ऐकू येतं, ओल्याचं आणि वाळलेल्याचंही. रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर तीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला धडधडतोय. मी श्वास ऐकू येतो म्हणून नाचत होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचं काय चाललंय ते मला ऐकू आलं नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला. रडले. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा निघाले.

१ जून

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला गेल्या गणपतीपासून ठावूक हाय. त्यांना सांगायला जाऊ नको. गावात नाव हाय त्यांचं."

"आणि शेठची खेप?"

तिने तांदूळ उचलले आणि आत गेली.

मी लॅबमधल्यासारखं ओलावा मोजायचं यंत्र सुचवून पाहिलं, सहज, कानाचं नाव न काढता. बाबा भडकले. "सुया टोचून? देवाच्या पोटात?" आणि उठून गेले. कारखान्यात शेठच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. परवा बाबा ठोकणार आणि बायका रंगाला लागणार.

२ जून

बाबा पेणला रंग आणायला गेले तेव्हा कारखान्यात शिरले. एकेक मूर्ती ठोकत गेले. बऱ्याचशा टणकन बोलल्या, मागच्या ओळीतल्या भद्द. पण माझा शब्द कोण ऐकणार? आणि बाबांच्या शब्दावर माझा शब्द ठेवला तर बायकांसमोर त्यांचं काय होईल?

मग एक गोष्ट सुचली. बाबांना बारीक आवाज कमी ऐकू येतो, पण अजिबात येत नाही असं नाही, सूर बराच वर गेल्यावरच ते "संपला?" म्हणाले होते. स्टिरिओवर खालचा आवाज पार काढून टाकता येतो आणि बारीक आवाज वाटेल तेवढा वाढवता येतो. ट्वीटर तर त्यासाठीच घेतलेत.

फोनवर सहा मूर्तींचे ठोके रेकॉर्ड केले. ओल्या आणि वाळलेल्या, मुद्दाम उलटसुलट.

३ जून

सकाळी बाबांना म्हटलं, गाडीत बसा, एक ऐकवायचंय. "गाना नको," म्हणाले. गाणं नाही म्हटलं. काचा वर केल्या. बेस पूर्ण खाली, बारीक आवाज पूर्ण वर, माझ्या कानाला सुई टोचल्यासारखं होत होतं.

पहिला ठोका वाजला.

बाबा दाराला हात लावणार होते, तो हात तसाच हवेत राहिला.

"परत लाव."

परत लावला.

"ही वाळलेली." हळू म्हणाले, स्वतःशीच. मग दुसरा. "ही ओली. पोटात ओली हाय, पाठ वाळली असंल." तिसरा, चौथा. सहाच्या सहा बरोबर. मला फक्त ओली की वाळली एवढंच कळलं होतं. ओल कुठे आहे हे त्यांनी सांगितलं. शेवटचा ठोका झाल्यावर ते समोर काचेकडे बघत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांचा हात धरला.

"वर्स झालं गो," म्हणाले. "कॉम्प्रेसर बंद केला तरी कानात शिट्टी वाजते. सगळ्या मूर्ती सारख्याच बोलतात. अंदाजानी सांगतो. लोक ठोकायला बोलावतात, जातो. नाय म्हनलं तर विचारतील का. आन ठोका गेला तर मी कोन मग?"

मी म्हटलं, "ठोका कुठे गेलाय? आता सहा सांगितल्यात ना?"

"ते गाडीत."

"मग गाडीत तर गाडीत."

शेठच्या सगळ्या मूर्ती आम्ही गाडीत ऐकल्या. मी आत ठोकून रेकॉर्ड करायचे, बाहेर येऊन वाजवायचे, बाबा डावीकडच्या सीटवरून निकाल द्यायचे. बायकांना वाटलं बापलेकीला वेड लागलंय. काळुरामकाका काचेवर टकटक करून म्हणाले, "काय, भजन चाललंय का?" बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, "व्हय. तू पन बस."

मागच्या ओळीला अजून आठवडाभर उन्हात ठेवायचं ठरलं. तसं बाबांनीच सांगितलं सगळ्यांना. त्यांच्याच तोंडून.

१० जून

बाबा कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार नव्हते. कानात यंत्र घालून मूर्ती ठोकायची म्हणजे लोक हसतील. आईने आज पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं, "मी घसा फोडून फोडून दमले हो." त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून तिने तेच परत ओरडून सांगितलं, आणि मग तिघंही हसत सुटलो. शनिवारी जायचं ठरलं.

२३ जून

शेठची खेप गेली. ट्रकवर चढवायच्या आधी बाबांनी प्रत्येक मूर्तीच्या पोटावर हात फिरवला. शेठ मोजकंच बोलतात. "पुढल्या वर्षी जास्त लागतील," एवढंच म्हणाले. आईने त्यांना दोन वेळा चहा दिला.

डॉक्टरांनी यंत्राचं माप घेतलंय. वूफर मी निलेशला परत दिला. डबा कारखान्यात आहे, आई त्यात कांदे ठेवते. वेलबुट्टी छान दिसते.

१९ जुलै

यंत्र लावून बाबांना दहा दिवस झाले. पहिले दोन दिवस कुरकुर केली, चमचा ताटात पडला तरी दचकायचे. मग कारखान्यातला रेडिओ सुरू झाला. कोणी लावला ते विचारलं नाही.

आज कासूला आत्याकडे गेलो होतो. येताना गाणं लावलेलं. वडखळच्या पुढे बाबा म्हणाले, "भावी, हा डावीकडचा बारका वाजत नाय."

मी आवाज वाढवून पाहिला. मला तर सगळं नीट ऐकू येत होतं. म्हणजे यंत्र चालत नाही, की कान आणखी गेला? डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू कमी होत जाऊ शकतं. मी बाबांना काही बोलले नाही. "बघू," म्हटलं आणि गाडी पेणला निलेशच्या दुकानाशी नेली. खोटं खोटं तपासून घेऊ, बाबांचं समाधान होईल, आणि उद्या डॉक्टरांना फोन करू, असं ठरवलं होतं.

निलेशने आरशाजवळची जाळी काढली, आत बोट घातलं आणि हसला.

"ताई, या वेळी खरंच सुटलीय वायर. खड्ड्यांनी. चालवताना उजवीकडून तुम्हाला कळणारच नाही. कसं काय लक्षात आलं?"

"मला नाही आलं," मी म्हटलं. "बाबांना आलं."

आणि दुकानाच्या दारात, निलेशसमोर, मी बाबांना मिठी मारली. ते म्हणाले, "अगो, कान दाबू नको, यंत्राची शिट्टी वाजते."